तिसऱ्या दोरीवरचं माकड

"आता इकडं बघा, तिसऱ्या दोरीवर!" रित्सुको वेताची छडी वर करायची आणि बसमधून उतरलेली चाळीस माणसं एकदम माना वर करायची. "बाकी सगळ्या दोऱ्यांवर अकरा-अकरा नग. इथं मात्र दहाच. ही एक जागा आमच्या तोबिउराच्या बायका मुद्दाम मोकळी सोडतात. का? तर पोरीनं मोठं व्हावं आणि आपलं नशीब आपल्या हातानं तिथं टांगावं!"

माणसं "अहाहा" करायची. एखादी बाई डोळे टिपायची. मग सगळे त्या मोकळ्या जागेचा फोटो काढायचे. जिथं काही नाही तिथला फोटो काढायला माणूस तोक्योहून तीन तास बसमध्ये बसून येतो, यातच काय ते समजा.

हे सगळं गोदामाच्या कोपऱ्यातल्या चटईवर बसलेली इसोए ऐकत असे. म्हातारी खाली मान घालून सशाचे कान शिवायची. वीस-बावीस वर्षं तिनं ते भाषण ऐकलं, दर वर्षी जानेवारीच्या शेवटापासून मार्च संपेपर्यंत, दिवसातून चार वेळा. ती जागा कुणी मुद्दाम मोकळी सोडली नव्हती. ती तिच्या आळसाची जागा होती. निदान ती तसंच समजत आली होती.

तोबिउरा म्हणजे इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव. वर डोंगरावर संत्र्यांच्या बागा, खाली होड्या, आणि मध्ये एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं. मार्चच्या तीन तारखेला मुलींचा सण. शहरातल्या घरांत त्या दिवशी राजा-राणी आणि दरबाराच्या बाहुल्या लाल पायऱ्यांवर मांडतात. आमच्या घरांत त्या परवडत नसत. म्हणून मुलगी झाली की आई आणि आजी जुन्या किमोनोच्या तुकड्यांतून बोटाएवढे नग शिवायच्या, दोरीत ओवायच्या आणि लाल कड्याला टांगायच्या. पोर लवकर चालावी म्हणून चपला, कीड लागू नये म्हणून मिरची, अंगावरचं दुखणं पाठीवर घेऊन जावं म्हणून माकड. एका कड्याला पाच दोऱ्या, एका दोरीला अकरा नग, आणि अशी दोन कडी मिळून एक झुंबर.

पोर लग्नाची झाली की त्या झुंबराचं काम संपलं. मग जानेवारीत किनाऱ्यावर होळी पेटते, तिच्यात ते द्यायचं. त्यामुळे गावात जुनं झुंबर म्हणून उरलं नाही. उरलं ते एकच, इसोएचं. आणि ते का उरलं हे गावात कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या पोरीचं ते होतं ती लग्नाची झालीच नाही.

पोरीचं नाव चिझुरु.

चिझुरु झाली तेव्हा इसोए तेवीस वर्षांची होती. नवरा कान्साकु समुद्रावर, घरात सासू तोमे आणि ती. सासू-सून दोघींनी मिळून शिवायला घेतलं. तोमेचा हात मोठा सफाईदार आणि जीभ त्याहून सफाईदार.

"सूनबाई, हे माकड आहे की भोपळा? पोरगी घाबरेल नं सणाच्या दिवशी!"

"तुमच्यासारखं नाही जमत मला, आई."

"जमेल. दहा भोपळे शिवलेस की अकरावं माकड होईल."

फेब्रुवारी सरताना एकशे नऊ नग तयार होते. एक माकड राहिलं होतं, आणि ते इसोएच्या वाटणीचं होतं. तेवढ्यात हिजिकीचे दिवस आले. हे काळं शेवाळ ओहोटीला खडकांवरून कापायचं असतं. मच्छीमारांची सोसायटी निशाण लावते, त्याच दिवशी कापायचं, आणि दर घरातून एक माणूस गेलंच पाहिजे. चार दिवस इसोए कमरेएवढ्या गार पाण्यात वाकून होती. दोन तारखेला घरी आली तेव्हा बोटं कापलेली होती आणि पोर भुकेनं रडत होती. पोरीला पाजलं, सुई हातात घेतली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

सकाळी सासूच्या आधी उठून तिनं तिसरी दोरी दहा नगांवरच गाठ मारून टांगली. पुढच्या वर्षी शिवू, म्हणाली. कुणाला कळणार आहे!

पुढच्या वर्षी पुन्हा हिजिकी आली. त्याच्या पुढच्या वर्षी कान्साकुचा पाय मोडला. मग पोटात मुलगा होता. दर वर्षी पेटीतून झुंबर निघायचं, दर वर्षी तिला ती जागा दिसायची, आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. एक माकड म्हणजे जेमतेम एका दुपारचं काम. पण अशाच कामांना दुपार मिळत नाही, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

चिझुरु चार वर्षांची झाली तेव्हा झुंबराखाली उताणी पडून मोजायला लागली.

"आई, इथं एक नाहीये."

"तिथं माकड यायचंय."

"कुठून?"

"डोंगरावरून. चालत येतंय."

पोरीला ते पटलं. सण होईपर्यंत रोज सकाळी ती मागच्या दारात उभी राहून संत्र्यांच्या बागेतल्या पायवाटेकडे बघायची. इसोएला हसू यायचं. पुढच्या वर्षी नक्की, असं तिनं स्वतःला बजावलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गावात गोवर आला. बहुतेक पोरांना झाला आणि गेला. चिझुरुचा ताप तिसऱ्या दिवशी डोक्यात चढला. डॉक्टर शेजारच्या गावाहून आला, त्यानं डोळे उघडून पाहिले आणि कान्साकुला बाहेर बोलावलं. चौथ्या दिवशी दुपारी पोर गेली. सण जवळ आला होता, म्हणून झुंबर तिच्या डोक्यावर टांगलेलंच होतं.

सगळं आवरल्यावर तोमे ते उतरवायला बसली. बोटांनी एकेक नग चाचपत मोजत होती. तिसऱ्या दोरीवर तिचा हात थांबला. तिनं पुन्हा मोजलं.

"एक माकड शिवायला झालं नाही तुला," ती म्हणाली.

एवढंच. तोमे काही दुष्ट बाई नव्हती. तिचंही काळीज फाटलं होतं, आणि फाटलेल्या काळजातून जे निघायचं ते निघालं. पुढं दहा वर्षं ती जगली, पण त्या माकडाचा उल्लेख तिनं पुन्हा केला नाही. शिव्या घातल्या असत्या तर इसोएला रडता तरी आलं असतं.

तेव्हापासून इसोएच्या मनात ती गोष्ट पक्की बसली. दार उघडं टाकलं तर कुत्रं आत शिरणारच, तसं. दुखणं घेऊन जायला माकड नव्हतं, म्हणून दुखणं पोरीवरच राहिलं. कुणाला सांगायची सोय नव्हती आणि कुणाशी वाद घालायची गरजही नव्हती. मार्च महिन्यात मुलगी असलेल्या कुठल्याही घरी तिनं पाऊल टाकलं नाही. बोलावणं आलं की गुडघे दुखायचे.

पंचवीस वर्षांपूर्वी रित्सुको दारात आली. गावात पर्यटक आणायचे होते, आणि जुनी कला पुन्हा सुरू करायचं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. रित्सुकोच्या डोक्यानं एकदा घेतलं की ते देवालाही काढता येत नाही.

"इसोए-सान, सगळं गाव पालथं घातलं. सगळ्यांनी जाळलीत. तुमच्याकडे आहे म्हणतात..."

इसोएनं पेटी काढून दिली. का दिली ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित चिझुरुची वस्तू कुणीतरी बघावी, एवढंच असेल. रित्सुको दोन दिवस बसून मापं घेत होती, चित्रं काढत होती.

"तिसऱ्या दोरीवर दहाच आहेत हो. पडलं का एखादं?"

"नाही."

"म्हणजे आधीपासून असंच?"

"असंच होतं," इसोए म्हणाली.

खरं बोलायला तेवढा एक क्षण मिळाला होता, आणि तो तिनं घालवला. पुढच्या वर्षी सोसायटीच्या जुन्या गोदामात पन्नास झुंबरं लागली, आणि पन्नासांच्या तिसऱ्या दोरीवर दहाच नग. छापील पत्रकात नशिबाची ती गोष्टही आली. ती रित्सुकोच्या डोक्यातून निघालेली. पुढं कुठल्याशा विद्यापीठाचे प्राध्यापक येऊन गेले, त्यांनीही मान डोलावून लिहून घेतली. इसोएनं मनाची समजूत घातली, ही तर दाखवायची आणि विकायची झुंबरं, यांच्याखाली कुठं कुणाची पोर निजते!

गेल्या सप्टेंबरात तिच्या नातीला, होनामीला, मुलगी झाली. नाव नाओ. होनामी लहानपणी आईबापांबरोबर नुमाझूला वाढली, पण लग्नानंतर नवऱ्याला घेऊन आजीच्या घरी राहायला आली होती. पोटुशी असल्यापासून ती रित्सुकोच्या वर्गात जाऊन शिवत होती. इसोएला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं, म्हणून गोदामात बसणंही दोन वर्षांपूर्वी सुटलं होतं.

जानेवारीच्या शेवटी होनामीनं झुंबर आणून नाओच्या खोलीत टांगलं.

"आजी, हात लावून बघ. सगळं मी शिवलंय. घुबड सोडून. घुबड रित्सुको-साननी तीनदा उसवलं आणि शेवटी स्वतःच शिवून दिलं."

इसोए उभी राहून बोटांनी एकेक नग चाचपत गेली. पहिली दोरी, दुसरी दोरी. तिसऱ्या दोरीवर दहाव्या नगाखाली बोटांना नुसती गाठ लागली.

"माकड राहिलंय इथं."

होनामी खळखळून हसली. "अगं, तूच विसरलीस? मूळ झुंबर तुझंच ना! ती नशिबाची जागा."

खाली नाओ अंगठा चोखत पडली होती, अगदी त्या जागेखाली.

सांगायचं तर काय सांगायचं? चोपन्न वर्षांत नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती होनामीला म्हणाली, "बटणं लावायचीत, दहा-बारा सुया ओवून ठेव." मग पाच दुपारी दार लावून तिनं तांबड्या कापडाचं माकड शिवलं. डोळ्यांनी नाही, बोटांनी. ते तोमे म्हणायची तसं भोपळ्यासारखंच झालं. होनामी पोरीला घेऊन लस टोचायला गेली तेव्हा म्हातारीनं स्टुलावर चढून ते तिसऱ्या दोरीला टाचलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दोन दिवसांनी गावाच्या वार्तापत्रासाठी फोटो काढायला रित्सुको आली.

"हे काय चिकटवलंय कुणी?" म्हणत तिनं पिशवीतून कात्री काढली आणि माकड टचकन कापून घेतलं. इसोए दारातच उभी होती. रित्सुकोनं ते तिच्या तळहातावर ठेवलं आणि मोठ्यानं, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "इसोए-सान, परंपरा आहे ना आपली? तुम्हीच मोडली तर कसं व्हायचं?"

"वयामुळं होतं हो," होनामी हळूच म्हणाली.

इसोए माकड घेऊन आत गेली. दुसऱ्या सकाळी माकड पुन्हा जागेवर होतं. होनामीनं ते हळूच काढलं आणि आजीच्या उशीशी ठेवलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा. होनामी नवऱ्याशी कुजबुजताना "दवाखान्यात दाखवू या का एकदा" हे शब्द इसोएच्या कानावर पडले. डोळे गेले होते, कान शाबूत होते.

सणाच्या सकाळी नाओला सर्दी झाली. नाक गळत होतं, अंग किंचित कोमट, बाकी काही नाही. पोर हसत होती, लाळेचे फुगे काढत होती. होनामीनं शिंपल्यांचं सार केलं, लाल भात केला, गुरू म्हणून रित्सुकोला जेवायला बोलावलं. चौघी झुंबराखाली बसल्या. तेवढ्यात नाओ शिंकली.

इसोएनं वाटी खाली ठेवली. सार चटईवर सांडलं.

"माकड लाव," ती म्हणाली. "आत्ता लाव. मी पाया पडते तुझ्या, होनामी."

"आजी, अगं साधी सर्दी—"

"तिलाही आधी साधी सर्दीच होती!"

या घरात इसोएचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. मग तिनं सांगितलं, सगळं. हिजिकी, कापलेली बोटं, लागलेला डोळा, गाठ. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. मागच्या दारात उभी राहून डोंगराकडे बघणारी पोर. सासू काय म्हणाली ते. आणि रित्सुकोनं विचारलं तेव्हा आपण काय उत्तर दिलं तेही.

"ती नशिबाची जागा नाही," ती म्हणाली. "माझ्या आळसानं पोर गेली माझी. आता हिची नको जायला."

होनामी तोंडावर हात धरून रडत होती. रित्सुको पांढरीफटक पडली. पण बाई मनानं चांगली. स्वतःची लाज गिळून ती गुडघ्यांवर पुढं सरकली आणि म्हातारीचे दोन्ही हात तिनं धरले.

"इसोए-सान, ऐका माझं. माझ्या वर्गात गावातल्या सगळ्या आया शिवून गेल्यात. पंचवीस वर्षं. घरोघरी असंच झुंबर आहे, दहाचं. माझ्या दोन्ही नातींना तेच होतं. दोघी व्हॉलीबॉल खेळतात, घोड्यासारख्या दणदणीत."

"घरोघरी?" इसोए म्हणाली.

"घरोघरी."

"न्हाव्याच्या घरी?"

"हो. ती शिझुओकाला नर्स आहे."

"पोस्टातल्या त्या बाईची? लहानपणी दम लागायचा ती?"

"गेल्या वर्षी लग्न झालं तिचं."

इसोए एकेक घर विचारत गेली. वरच्या आळीतली जुळी, बर्फाच्या कारखान्यासमोरची, देवळाच्या पायथ्याची. रित्सुको एकेक सांगत गेली, आणि प्रत्येक नावागणिक तिचा आवाज मोकळा होत गेला. ताप आले होते, कांजिण्या आल्या होत्या, एकीचा हात मोडला होता. पण सगळ्या होत्या, एकूणएक.

"बघा ना," रित्सुको म्हणाली, "एकीलाही काही झालं नाही. माकडाचा काही संबंध नव्हता, इसोए-सान. तुमचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता."

तिला वाटलं, म्हातारीच्या उरावरचा धोंडा उतरला. होनामीलाही तसंच वाटलं. तिनं आजीच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

इसोएनं झुंबराकडे तोंड वळवलं. इतकी वर्षं तिनं स्वतःला दोष दिला होता, पण त्या दोषाला निदान अर्थ होता. ते एक माकड शिवलं असतं तर पोर आज साठीला टेकली असती, असं तिला रोज म्हणता येत होतं. आता तेवढंही हातात राहिलं नाही. शेकडो पोरी त्याच मोकळ्या जागेखाली निजल्या आणि सकाळी उठल्या.

"मग माझीच का गं?" तिनं विचारलं.

रित्सुकोनं तिचे हात आणखी घट्ट धरले.

"सगळ्या राहिल्या. मग माझीच का?"

होनामी उठली, उशीजवळचं माकड घेऊन आली, डोळे पुसत तिनं सुईत दोरा ओवला आणि स्टूल ओढून झुंबराखाली घेतलं. आजीसाठी एवढं तरी करावं, असं तिला वाटलं.

सुईचा आवाज होत नाही, पण स्टूल सरकल्याचा झाला. इसोएनं हात वर करून तिच्या कपड्यांशी चाचपलं आणि तिला खाली ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यानं काही होत नसतं."

आणि मग चोपन्न वर्षांत पहिल्यांदा ती चिझुरुचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. नाओ दचकून तिच्याकडे बघत राहिली.